सुट्टींतील प्रवास : एस्.टी., टॅक्सी कीं भाड्याची मोटार?

परीक्षा संपत आल्या आणि बाजारांत पहिला आंबा दिसूं लागला, कीं शहरांतील पुष्कळ घरांत रात्रीच्या जेवणानंतर एक लहानशी परिषद भरूं लागते. कोठें जावयाचें, हा प्रश्न बहुधा पहिल्या बैठकींतच निकालांत निघतो. कारण कोणाचें माहेर, कोणाचें कुलदैवत किंवा कोणाचा समुद्राचा हट्ट तो परस्पर सोडवीत असतो. जावयाचें कसें, हा प्रश्न मात्र तीन-तीन आठवडे लोंबकळत राहतो. घरांत जितकीं माणसें तितकीं मतें पडतात, आणि गंमत अशी, कीं प्रत्येक मत त्या त्या माणसाच्या वयाला अगदीं शोभेसें असतें. कर्त्या पुरुषाला चाक स्वतःच्या हातीं घ्यावयाचें असतें, गृहिणीला दाराशीं येऊन उभी राहणारी टॅक्सी हवी असते, आणि वडील मंडळींना एस्.टी.शिवाय दुसऱ्या कशाचा भरंवसा वाटत नाहीं.

पुण्यांतील एका कुटुंबाचें उदाहरण डोळ्यांसमोर ठेवलें, म्हणजे हा वाद नुसता हवेंत राहणार नाहीं. घरांत सहा माणसें. आजीबाई ७६ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखरे; त्यांचा मुलगा अठ्ठेचाळिशींतला; सूनबाई; मुलाची थोरली बहीण, म्हणजे मुलांच्या आत्याबाई; नात १५ वर्षांची आणि नातू १० वर्षांचा. आजीबाईंचें माहेर गुहागर तालुक्यांतलें. भाऊ वारल्यापासून दहा-बारा वर्षें त्या तिकडे गेलेल्या नव्हत्या. "एकदां व्याडेश्वराच्या सभामंडपांत बसून येऊं द्या, मग कोठें न्या म्हणायची नाहीं," इतकेंच त्या म्हणत. हें वाक्य घरांत सर्वांनीं ऐकून न ऐकल्यासारखें केलें. तरी त्या चार दिवसांच्या सहलीला त्यामुळें एक निराळेंच वजन आलें होतें. दापोलीकडचा समुद्र मुलांसाठीं आणि गुहागर आजीबाईंसाठीं, असा बेत ठरला. दापोलीहून दाभोळची खाडी ओलांडून पलीकडे उतरावयाचें, व परततांना चिपळूण आणि कुंभार्ली घाटानें पुणें गांठावयाचें.

आजीबाईंच्या लहानपणीं वाहनाची निवड करण्याचा प्रसंगच येत नसे. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड अशीं बंदरें घेत जाई. उतारू पडावांत उतरून किनाऱ्याला लागत, आणि पुढची वाट बैलगाडीनें, नाहीं तर पायीं. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, या मार्गावर सरकारी बस प्रथम धांवली. त्यानंतर हळूहळू घाट उतरून येणारी तांबडी गाडी हेंच कोंकणचें वाहन होऊन बसलें. कोंकणची आगगाडी सबंध मार्गावर सुरू झाली ती १९९८ सालीं. परंतु पुणेंकराला तिच्यासाठीं आधीं उलट दिशेला जावें लागतें, म्हणून या घरच्या परिषदेंत तिचा विचार फारसा झाला नाहीं.

पहिली सूचना अर्थातच टॅक्सीची आली. प्रवासी मोटारीचा हिशेब वरवर पाहतां सरळ दिसतो : किलोमीटरला इतके रुपये. परंतु त्या एका आंकड्याच्या पाठीमागें तीन-चार अटी दबा धरून बसलेल्या असतात. पहिली अट रोजच्या किमान अंतराची. गाडी दिवसभर नारळाच्या सावलींत उभी राहिली, तरी २५० किंवा ३०० किलोमीटर धांवली असें समजून पैसे मोजावे लागतात. दुसरी अशी, कीं अंतर मोजावयाचें तें उतारूच्या दारापासून नव्हे, तर बहुधा मालकाच्या गाडीखान्यापासून परत गाडीखान्यापर्यंत. तिसरी अट दिवसाची. दिवस म्हणजे चोवीस तास असा समज करून घेऊन कोणी रात्रीं दहाला निघाला, तर मध्यरात्रीं बारा वाजतां त्याचा एक दिवस संपलेला असतो, आणि त्या दोन तासांचें मोल सबंध दिवसाइतकें होतें. चालकाचा भत्ता, टोल, गाडी उभी करण्याचे पैसे, आणि महाराष्ट्राबाहेर गेल्यास तिकडचा कर, हे पुन्हां निराळे.

या कुटुंबाचा सबंध फेरा, आसपासचें हिंडणें धरून, ६५० ते ७०० किलोमीटरांचा होत होता. रोजच्या ३०० प्रमाणें चार दिवसांचे भरावयाचे किलोमीटर झाले १,२००. मोठ्या मोटारीचा दर किलोमीटरला १८ रुपये धरला, तर २१,६०० रुपये. चालकाचा भत्ता रोजचा ५०० धरला, तर २,००० रुपये. म्हणजे टोल सोडून २३,६००. प्रत्यक्ष धांवलेल्या अंतराला हाच पैसा वांटला, तर किलोमीटरला ३५ रुपयांच्या आसपास पडतात. अठराचा दर ऐकून हुरळून जाणाऱ्या गृहस्थानें हा भागाकार एकदां कागदावर करून पाहावा. याचा अर्थ टॅक्सी नेहमींच महाग, असा मात्र नव्हे. दोन दिवसांत पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोट करून पुण्यास परतणाऱ्या यात्रेकरूंचे किलोमीटर रोजच्या तीनशेंवर सहजच जातात. त्यांना ही अट बाधत नाहीं, आणि त्यांच्याइतका टॅक्सीचा पुरेपूर उपयोग कोणीच करून घेत नसेल. किमान अंतराची अट बोंचते ती एके ठिकाणीं जाऊन स्वस्थ बसणाऱ्याला. समुद्रकांठीं जावयाचें तें तर स्वस्थ बसण्यासाठींच.

पैशांपेक्षां एक मोठी गोष्ट टॅक्सीच्या बाबतींत कोणी बोलून दाखवीत नाहीं, ती म्हणजे चालकाची झोंप. उतारू खोलींत पंख्याखालीं निजतात. चालक कोठें निजतो, याची चौकशी किती घरांतून होते? कांहीं उतारूगृहांत चालकासाठीं खोली असते, पुष्कळ ठिकाणीं नसते. मग तो मोटारीचें आसन मागें पाडून, कांचा अर्धवट उघड्या ठेवून, डांसांच्या साक्षीनें रात्र काढतो, आणि सकाळीं सातला त्याच्याच हातीं सहा जिवांचें चाक देऊन मंडळी घाट चढूं लागतात. मोटार-वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यानें दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालून दिली होती. पण सहलीला निघालेल्या मंडळींच्या हातांत घड्याळ असतें तें देवळाची आरती आणि सूर्यास्त गांठण्यासाठीं. "आणखी एक ठिकाण करूं, मग रात्रींच निघूं, म्हणजे एक दिवस वांचेल," हें वाक्य घाटांतील किती तरी अपघातांच्या आधीं कोणी तरी उच्चारलेलें असेल. चालकाच्या निजण्याची सोय पाहून मगच खोल्या ठरवाव्या आणि दिवस मावळल्यावर घाटांत शिरूं नये, एवढें पथ्य ज्या घराला पाळतां येत नाहीं, त्यानें टॅक्सी करूं नये हें बरें.

मुलाच्या मनांत मात्र पहिल्यापासून भाड्याची मोटार घेऊन ती स्वतः चालवावी असें होतें. यांत चालकाचा भत्ता वांचतो, घरचीं माणसें घरच्यासारखीं बोलूं शकतात, आणि वाटेंत करवंदांची पाटी दिसली, तर थांबण्यासाठीं कोणाची परवानगी काढावी लागत नाहीं. त्याच्या कचेरींतील एका ओळखीच्या माणसानें तर आपल्या शेजाऱ्याची मोटार बाजारभावाच्या निम्म्या पैशांत मिळवून देण्याचें कबूल केलें होतें. चार दिवसांचे म्हणून आठ हजार रुपये. ना कागद, ना अनामत. घरांत हा बेत जवळजवळ पक्का झाला. रविवारीं मोटार पाहावयास आणली, तेव्हां आत्याबाईंनीं खिडकींतूनच विचारलें, "पाटी कोणत्या रंगाची आहे रे?"

आत्याबाई विम्याच्या कचेरींत काम करणाऱ्या. त्यांचा प्रश्न मुलांना विनोदी वाटला. पण सर्व मर्म त्या पाटींतच होतें. खासगी मोटारीची पाटी पांढरी आणि अक्षरें काळीं. टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरें काळीं. आणि स्वतः चालवावयास भाड्यानें देण्याचा परवाना असलेल्या मोटारीची पाटी काळी व अक्षरें पिवळीं. दारांत उभी असलेली मोटार पांढऱ्या पाटीची होती. खासगी मोटार भाड्यानें देणें हें कायद्याला तर धरून नाहींच. पण त्याहून भयंकर गोष्ट अशी, कीं तिचा विमा खासगी उपयोगापुरता उतरलेला असतो. भाडें घेऊन दिलेल्या मोटारीला अपघात झाला, तर विमा कंपनी त्या अटीवर बोट ठेवून हात वर करूं शकते. मग दुरुस्तीचा, दवाखान्याचा, आणि दुर्दैवानें समोरच्या माणसाला इजा झाली तर नुकसानभरपाईचा बोजा मोटारीचा मालक आणि ती चालविणारा यांच्या डोक्यावर येऊन पडतो. "आठ हजारांची मोटार आठ लाखांना पडेल, दादा," असें आत्याबाई शांतपणें म्हणाल्या. त्या वयानें थोरल्या. पण भावाला लाडानें त्या दादाच म्हणत. मोटार आली तशी परत गेली, आणि दोन दिवस घरांत कोणी सहलीचें नांव काढलें नाहीं.

परवान्याची मोटार घ्यावी, तर ती पुण्याहूनच न्यावयास हवी होती. १९८९ च्या केंद्रीय योजनेप्रमाणें अशा धंद्याच्या परवान्यासाठीं किमान ५० मोटारी असाव्या लागतात. त्यामुळें हा धंदा मोठ्या शहरांत सांपडतो, तालुक्याच्या गांवीं त्याचा पत्ता लागणें कठीण. अशी मोटार घेतांनाहि डोळे उघडे ठेवावे लागतात. ताब्यांत घेण्यापूर्वीं चारी बाजूंनीं, चाकांसकट, छायाचित्रें काढून ठेवावीं. जुना ओरखडा कोणाच्या नांवावर लिहिला जाईल याचा नेम नसतो. अनामत किती दिवसांत परत मिळणार, किलोमीटरांची मर्यादा किती, इंधन कितपत भरून द्यावयाचें, आणि नुकसान झाल्यास स्वतःच्या खिशांतून किती रकमेपर्यंत भरावें लागणार, हें सहीपूर्वीं वाचावें. वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड तर सहल विसरल्यावर, महिन्यानेंहि, दारीं येऊं शकतो.

पण या घरच्या मुलाचा प्रश्न कागदाचा नव्हताच. तो रोज कोथरूडहून शिवाजीनगरला मोटार नेणारा. घाटांत ती त्यानें दोन-चार वेळांच चालविली होती. शहरांतील सराव आणि घाटांतील सराव यांत विहिरींत पोहणें आणि समुद्रांत पोहणें यांच्याइतकें अंतर आहे. उतारावर खालच्या गिअरमध्यें गाडी ठेवून इंजिनाच्या जोरावर ती रोंखावयाची असते. जो नुसत्या ब्रेकवर उतरतो, त्याचे ब्रेक तापून ऐन वळणावर दगा देतात. अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला आधीं वाट द्यावयाची, हा २०१७ च्या वाहन-नियमांतील नियम घाटांतल्या मालमोटारवाल्यांना तोंडपाठ असतो. शहरी मोटारवाल्यांना तो बहुधा समोरासमोर आल्यावर कळतो. आणि एक गोष्ट बायकांच्या लक्षांत लौकर येते : जो मोटार चालवितो, त्याची सहल होत नाहीं. तो समुद्रावर पोंचतो आणि झोंपतो.

राहतां राहिली एस्.टी. सूनबाईंना ती मुळींच पसंत नव्हती, आणि त्यांचीं कारणें कांहीं नाजूकपणाचीं नव्हतीं. बसची पायरी उंच. आजीबाईंचे गुडघे तसले. पांच-सहा तासांच्या वाटेंत गाडी थांबेल तेथेंच उतरावयाचें, आणि तेथील स्वच्छतागृहांत म्हाताऱ्या माणसाला कसें न्यावयाचें? शिवाय सुट्टीच्या दिवसांत आरक्षण न करतां जाणें म्हणजे उभ्यानें कोंकण पाहणें. २०२१-२२ च्या हिंवाळ्यांत कर्मचाऱ्यांचा संप कित्येक महिने चालला, तेव्हां खेडोपाडीं किती लोक अडकून पडले, ही आठवणहि त्यांनीं करून दिली.

तरीहि नातीनें एके रात्रीं वहींत हिशेब मांडला, आणि परिषदेचा रंग पालटला. ७५ वर्षांवरील माणसांना राज्याच्या हद्दींत एस्.टी.चा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य झाला आहे. तेव्हां आजीबाईंचें तिकीट शून्य. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मी सवलत. तेव्हां आई, आत्या आणि ती स्वतः मिळून दीड तिकीट. धाकटा बारा वर्षांच्या आंतला, म्हणून अर्धें. आणि बाबांचें एक पूर्ण. सहा माणसांचीं मिळून तीन तिकिटें! जानेवारी २०२५ मध्यें भाडें १४.९५ टक्क्यांनीं वाढलें, तें धरूनहि एका वेळच्या सबंध कुटुंबाच्या प्रवासाला टॅक्सीच्या एका दिवसाच्या भाड्याचा चौथा हिस्साहि लागत नव्हता. या सवलती महाराष्ट्राच्या सीमेपर्यंतच. गोव्याला जाणाऱ्यानें पुढचें भाडें पूर्ण धरावें. १९८८ पासून चालत आलेली 'आवडेल तेथें प्रवास' ही चार किंवा सात दिवसांच्या पासाची योजनाहि आहे. पण ती रोज नवें गांव पाहणाऱ्या हिंडफिऱ्यांच्या कामाची. ज्या घरांत बहुतेकांना आधींच सवलत आहे, त्यांनीं दोन्हींचा हिशेब ताडून पाहावा.

मग आत्याबाईंनीं एक निराळाच मुद्दा काढला. पुण्यापासून दापोलीपर्यंत आणि गुहागरपासून पुण्यापर्यंत मोटार कशाला हवी? मोटार हवी आहे ती तेथें गेल्यावर : आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला, हर्णैच्या बंदरावर, आणि पुढें हेदवीच्या दशभुज गणेशाला. ती तेथल्या माणसाची घ्यावी. त्याला किमान तीनशें किलोमीटर भरावे लागत नाहींत, त्याला वळणें ठाऊक असतात, आणि रात्रीं तो आपल्या घरीं जाऊन निजतो. सूनबाईंनीं एवढ्यावर मान डोलावली. मात्र अट घातली, कीं आरक्षण पुढच्या बाजूचें आणि गाडी सकाळची. दुपारच्या उन्हांत म्हातारीला घाट नको.

उतरण्याच्या गांवीं ज्यांच्याकडे मुक्काम करावयाचा, त्यांना फोन करून दोन दिवसांची मोटार ठरविली. खाडीपलीकडे धोपाव्याला न्यावयास कोण येणार, हें गुहागरच्या यजमानांकडून पक्कें केलें. दापोलीची मोटार फेरीबोटींत घालून पलीकडे नेली असती, तर तिच्या रिकाम्या परतीचे पैसे द्यावे लागले असते; त्यापेक्षां तिनें दाभोळच्या धक्क्यावर सोडावें आणि माणसांनीं पायउतारू म्हणून खाडी ओलांडावी, हें स्वस्तहि आणि मौजेचेंहि. फेरीबोट नसती, तर खेड आणि चिपळूण करून गुहागर गांठावयास शंभरेक किलोमीटरचा वळसा पडला असता. सर्व मिळून खर्चाचा अंदाज १२,००० च्या आंत आला.

प्रवास निर्वेध झाला, असें म्हणतां येणार नाहीं. ताम्हिणींत नातवाला उलटी झाली, आणि प्लॅस्टिकची पिशवी वरच्या फळीवरील बॅगेंत राहिलेली होती. सामान सहा जणांचें म्हणून नऊ डाग झाले. मोटारीची संवय असलेलें घर बसचें सामान कमी भरावयास लौकर शिकत नाहीं. दापोलीच्या स्थानकावर त्या नऊ डागांपाशीं पाऊण तास उभें राहावें लागलें, आणि त्या पाऊण तासांत टॅक्सीचा उल्लेख किमान चार वेळां झाला. बसच्या पायरीची भीति मात्र खोटी ठरली. वाहकानें खालीं उतरून आजीबाईंचा हात धरला, आणि चालक त्या आसनावर टेंकेपर्यंत थांबला.

दाभोळच्या धक्क्यावर तिसऱ्या दिवशीं सकाळीं ओहोटी होती. फेरीबोटीच्या उतरत्या फळीवरून आजीबाईंना मुलानें आणि नातीनें दोन्हीकडून धरून आंत नेलें. मोटारी, दुचाक्या, कोंबड्यांची एक टोपली आणि हीं सहा माणसें घेऊन ती निघाली. आजीबाई कठड्याशीं बसून होत्या. याच पाण्यांत आगबोट बाहेर उभी राही, आणि वडील त्यांना खांद्यावर घेऊन पडावांतून उतरत, असें त्यांनीं नातवाला सांगितलें. बोट केवढी होती, असें त्यानें विचारलें. त्यांनीं समोरच्या डोंगराकडे बोट दाखविलें, आणि त्याला तें खरें वाटलें.

व्याडेश्वराच्या सभामंडपांत त्या दोन तास बसल्या. त्या दिवशीं पुढें हेदवीला जावयाचें होतें. गेलें कोणी नाहीं. ठरविलेल्या मोटारीचा चालक त्याच गांवचा. "आजींना बसूंद्यात, मी घरीं जेवून येतों," असें म्हणून तो गेला आणि हांक मारल्यावर आला. किमान किलोमीटरांचा प्रश्न त्यानें काढला नाहीं.

परतीच्या गाडींत वाहकानें यंत्रांतून तिकिटें काढलीं आणि आजीबाईंच्या हातांत त्यांचें शून्य रुपयांचें तिकीट ठेवलें. त्यांनीं तें उलटसुलट करून पाहिलें, चार घड्या घालून बटव्यांत टाकलें आणि बटव्याची दोरी ओढली. चिपळूण मागें पडलें, कुंभार्ली घाट चढून झाला, कऱ्हाडहि येऊन गेलें, तरी बटवा त्यांच्या मुठींतच होता. नातीनें तो पिशवींत ठेवूं का म्हणून विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "राहूं दे. तपासनीस आला तर?"